माझ्या मशीनवर तर बरोबर येत होतं!

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत दरवर्षी एक गंमत होते. शेजारच्या भाभींचे सावनचे सोमवार सुरू होतात, शंकराच्या देवळापुढे रांगा लागतात आणि आपली आई मात्र शांतपणे म्हणते, "आपला श्रावण अजून पंधरा दिवसांनी." लहानपणी मला वाटायचं, दोघींपैकी एकीचं पंचांग नक्की चुकलेलं आहे. मग आजोबांनी समजावलं. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. चंद्र तोच, पक्ष तोच, तिथी तीच. फक्त कृष्ण पक्षाला कोणत्या महिन्याचं नाव द्यायचं, एवढाच फरक. म्हणून गोकुळाष्टमी आपली श्रावण वद्य अष्टमीला आणि भाभींची भाद्रपद कृष्ण अष्टमीला, पण दिवस एकच!

कोणीच चूक नाही. तरीही भाभींना नुसतं "श्रावण वद्य पंचमीला जेवायला या" म्हणालात, तर त्या एक महिना आधी दारात उभ्या राहतील. म्हणूनच आजोबा प्रत्येक पत्रिकेत तिथीखाली तारीख घालायला लावत.

या महिन्याची गोष्ट अशीच, तारीख घालायची राहून गेल्याची. फक्त इथे पत्रिका नव्हती, सी भाषेतला ऐंशी ओळींचा प्रोग्राम होता. तो मी लिहिला होता. आणि माझ्या चुकीमुळे जो दारात उभा राहिला, तो बारावी झालेला एक मुलगा होता.

बारावं नाव

आपल्याच शहरातला एक छोटा शिक्षण निधी बारावी झालेल्या बारा मुलांना दरवर्षी शिष्यवृत्ती देतो. अर्ज सव्वाशे-दीडशे येतात. निधीचे सचिव ऐंशीच्या घरातले. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. पूर्वी ते वहीत रेघा मारून हाताने क्रम लावायचे. सहा वर्षांपूर्वी मी त्यांना म्हटलं, "काका, हे काम आता संगणकाला द्या," आणि एका रविवारी सकाळी पोहे खाता खाता प्रोग्राम लिहून दिला. अर्जांची फाइल वाचायची, टक्क्यांप्रमाणे उतरता क्रम लावायचा, यादी छापायची. संपलं काम.

क्रम लावण्यासाठी सी भाषेच्या लायब्ररीत आयतं फंक्शन आहे, त्याचं नाव क्यूसॉर्ट. ज्यांनी कधी प्रोग्राम लिहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो : लायब्ररी म्हणजे भाषेबरोबर मिळणारा तयार कामांचा संच. क्रम लावणं, मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवणं, वेळ सांगणं अशी रोजची कामं तिथे तयार मिळतात. पण हा संच प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम आपापला आणते. नावं तीच, आतली घडण ज्याची त्याची. क्यूसॉर्टला चार गोष्टी द्यायच्या : यादी कुठे सुरू होते, तिच्यात नोंदी किती, एक नोंद केवढी, आणि दोन नोंदींपैकी आधी कोणती हे सांगणारं आपलं छोटंसं तुलना-फंक्शन. बाकीचं ते बघून घेतं.

निधीच्या नियमावलीत एक कलम आहे : गुण सारखे असतील तर ज्याचा अर्ज आधी आला, त्याचा क्रमांक आधी. हे कलम मला माहीत होतं. फाइलमध्ये अर्ज आले त्याच क्रमाने भरलेले असत. मी प्रोग्राम चालवून पाहिला. सारख्या टक्क्यांची मुलं बरोबर अर्जाच्या क्रमाने आली होती. म्हटलं, वा, हे तर आपोआपच झालं! तुलना-फंक्शनमध्ये मी फक्त टक्के बघितले. अर्ज क्रमांकाचा त्यात उल्लेखही नव्हता. सहा वर्षं माझ्या लिनक्सच्या डेस्कटॉपवर यादी निघाली आणि सहाही वर्षं ती बरोबर निघाली.

या वर्षी नेमकं माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "मामा, तू डोळ्यांना त्रास देऊ नकोस, यादी मी काढते." तिच्याकडे मॅकबुक आहे. तिने माझा प्रोग्राम त्यावर कम्पाइल केला. एकही चूक नाही, एकही इशारा नाही. यादी निघाली, काकांकडे गेली, काकांनी बारा घरी फोन करून अभिनंदन केलं.

दहा दिवसांनी मी निधीच्या रजिस्टरसाठी तीच यादी माझ्या संगणकावर काढली. पहिली अकरा नावं तीच. बारावं वेगळं.

संध्याकाळी भाची लॅपटॉप घेऊन आली. जेवणाच्या टेबलावर दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवली. फाइल तीच, अक्षर न् अक्षर तपासलं. प्रोग्राम तोच. ९१.४० टक्क्यांवर तीन मुलं होती : अर्ज क्रमांक १७, ५८ आणि ९६. माझ्या यंत्रावर ती याच क्रमाने आली. तिच्या यंत्रावर ९६ पहिला आला, मग १७, मग ५८. जागा एकच उरलेली. कितीही वेळा चालवलं तरी माझं यंत्र १७ म्हणे, तिचं ९६.

काकांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एकच गणित, दोन उत्तरं. मग यातलं चुकलेलं यंत्र कोणतं?"

भाचीने माझ्याकडे बघितलं. मला खरं बोलणं भाग होतं. "कोणतंच नाही, काका. मी चुकलोय."

शब्द तोच, वचन कोणतं?

सी भाषा जन्मली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये, १९७२ च्या सुमारास, डेनिस रिची यांच्या हातून. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सीमध्ये पुन्हा लिहिली गेली. तोवर ऑपरेटिंग सिस्टिम बहुतेक करून त्या त्या यंत्राच्या असेम्ब्ली भाषेत लिहीत. यंत्र बदललं की सगळा संसार नव्याने मांडायचा. सीमुळे तोच प्रोग्राम थोड्याफार फेरफाराने दुसऱ्या यंत्रावर नेता येऊ लागला. भाषा पसरली तशा तिच्या लायब्रऱ्याही ठिकठिकाणी तयार झाल्या, आणि प्रत्येकाने थोडं थोडं आपल्या पद्धतीने केलं. म्हणून १९८९ मध्ये ॲन्सी या अमेरिकन मानक संस्थेने सीचं पहिलं अधिकृत प्रमाण ठरवलं आणि १९९० मध्ये ते आंतरराष्ट्रीय झालं. युनिक्सच्या कुळातल्या सिस्टिम्ससाठी १९८८ पासून पॉसिक्स नावाचं वेगळं प्रमाण आहे.

हे प्रमाण म्हणजे एक करारनामा असतो. एका बाजूला लायब्ररी बांधणारे, दुसऱ्या बाजूला आपण प्रोग्राम लिहिणारे. करारात काही गोष्टींचं वचन दिलेलं असतं आणि काही गोष्टी मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या असतात, म्हणजे लायब्ररीवाल्याला आपल्या यंत्राला सोयीची पद्धत निवडता येते. क्यूसॉर्टबद्दल करार सांगतो : तुमच्या तुलना-फंक्शनप्रमाणे यादी चढत्या क्रमाने लावून मिळेल. (उतरता हवा असेल तर तुलना उलटी करा.) आणि दोन नोंदी तुलनेत सारख्या ठरल्या तर? त्यांचा आपसातला क्रम काय असेल, हे प्रमाणाने ठरवलेलं नाही. हे अगदी स्पष्ट एका वाक्यात लिहिलेलं आहे. मी ते वाक्य कधी वाचलंच नव्हतं.

आता दोन यंत्रांत फरक का पडला ते बघा. बहुतेक लिनक्स सिस्टिम्सवर ग्लिबसी नावाची लायब्ररी असते. तिचं क्यूसॉर्ट सहसा मर्जसॉर्ट पद्धतीने चालतं. पत्त्यांच्या कॅटचे दोन भाग करायचे, प्रत्येक भाग लावून घ्यायचा आणि मग दोन्ही भाग वरून एक एक पान घेत एकत्र करायचे. दोन पानं सारखी आली तर डावीकडचं आधी. त्यामुळे जे मुळात आधी होतं ते आधीच राहतं. यासाठी जास्तीची मेमरी लागते, पण क्रम टिकतो. मॅकची लायब्ररी बीएसडी कुळातली. तिथे क्विकसॉर्टची पद्धत आहे, म्हणजे टोनी होअर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केली ती, अर्थात पुष्कळ सुधारून घेतलेली. यादीतली एक नोंद मधली म्हणून निवडायची आणि तिच्यापेक्षा लहान एकीकडे, मोठ्या दुसरीकडे टाकायच्या. हे करताना लांब लांबच्या नोंदींची अदलाबदल होते आणि त्या धावपळीत सारख्या नोंदी एकमेकींना ओलांडून जातात. जास्तीची जागा लागत नाही, वेग उत्तम. दोन्ही पद्धती करारात बसतात. आणि गंमत म्हणजे क्यूसॉर्ट हे नाव क्विकसॉर्टवरून आलेलं असलं तरी आत क्विकसॉर्टच असावं, असंही प्रमाण म्हणत नाही.

विंडोजवरच्या क्यूसॉर्टकडूनही सारख्यांचा क्रम राखला जाईल अशी अपेक्षा धरता येत नाही. इतकंच कशाला, "लिनक्सवर चालतं" हेदेखील अर्धसत्य आहे. अल्पाइन या छोट्या लिनक्समध्ये ग्लिबसी नसते, मसल नावाची लायब्ररी असते. तिच्यात एड्सगर डायक्स्ट्रा यांची १९८१ मधली स्मूथसॉर्ट पद्धत आहे, आणि ती सारख्यांचा क्रम राखत नाही.

म्हणजे सहा वर्षं माझा प्रोग्राम बरोबर नव्हता. तो फक्त बरोबर उत्तर देत होता. माझ्या घरचं पंचांग जगाचं पंचांग समजून मी नुसती तिथी कळवली होती.

यात मी एकटाच नाही, हे कळल्यावर थोडा धीर आला. २०२३ मध्ये ग्लिबसीच्या मंडळींनी क्यूसॉर्टमधून मर्जसॉर्ट काढून दुसरी पद्धत घातली. प्रमाणाप्रमाणे त्यात काहीच गैर नव्हतं. पण कितीतरी प्रोग्राम सारख्यांचा क्रम टिकण्यावर नकळत विसंबून आहेत, असं दिसून आलं आणि नवी आवृत्ती बाहेर पडायच्या आतच मर्जसॉर्ट परत आणावं लागलं. प्रोग्रामरांच्या जगात याला हायरमचा नियम म्हणतात. हायरम राइट या अभियंत्याच्या नावावरून तो ओळखला जातो. त्याचा आशय असा : वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही वचन काय दिलंत याला महत्त्व उरत नाही, तुमच्या वागण्यातली प्रत्येक सवय कोणी ना कोणी वचन म्हणून धरून बसलेलं असतं. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हा नियम वेगळा शिकवावा लागणार नाही!

दुरुस्ती करायला गेलो तर

भाचीने दुरुस्ती हातात घेतली. मुख्य दुरुस्ती दोन ओळींची होती : तुलना-फंक्शनमध्ये टक्के सारखे निघाले तर अर्ज क्रमांक बघायचा. आता कोणत्याही दोन नोंदी "सारख्या" ठरतच नाहीत, त्यामुळे करारात मोकळी सोडलेली जागाच शिल्लक राहत नाही. मर्जसॉर्ट असो की क्विकसॉर्ट, उत्तर एकच. पण ती उत्साहाने म्हणाली, "मामा, हात लावलाच आहे तर सगळंच नीट करते." मग पुढचे तीन दिवस आमच्या दोघांचं शिक्षण झालं.

पहिला अडथळा : शब्दच नसणं. माझ्या प्रोग्राममध्ये नावं उतरवून घ्यायला जुनं स्ट्रकॉपी होतं. नाव ठरवलेल्या जागेपेक्षा लांब निघालं तर ते शेजारच्या मेमरीवर लिहीत सुटतं. भाचीने त्याऐवजी जागेचं माप विचारणारं स्ट्र-एल-कॉपी घातलं. चांगलं केलं. तिच्या मॅकवर चाललं. माझ्या जुन्या लिनक्सवर उत्तर आलं, असं फंक्शन सापडत नाही! हे फंक्शन १९९८ मध्ये ओपनबीएसडीमध्ये आलं, तिथून बाकीच्या बीएसडींत आणि मॅकवर गेलं. ग्लिबसीची मंडळी मात्र वर्षानुवर्षं त्याला नकार देत राहिली आणि शेवटी ऑगस्ट २०२३ च्या २.३८ आवृत्तीत ते घेतलं. म्हणजे दोन्ही यंत्रं लिनक्सची असली तरी एकावर ते असेल, दुसऱ्यावर नसेल.

दुसरा अडथळा : शब्द तोच, मांडणी उलटी. इंदूरला "शिक्षा विभाग" अशी पाटी वाचून पुण्याहून आलेला माझा चुलतभाऊ लहानपणी घाबरला होता. मुलांना शिक्षा करायला अख्खा विभाग! तसंच इथे झालं. निधी पुढच्या वर्षी एक शिष्यवृत्ती गणिताच्या गुणांवर देणार आहे. म्हणून कोणत्या रकान्यावर क्रम लावायचा ही जास्तीची माहिती तुलना-फंक्शनला पोचवायची होती. त्यासाठी क्यूसॉर्ट-आर आहे. मॅकवर ही जास्तीची माहिती तुलना-फंक्शनच्या आधी द्यायची आणि ती त्याच्या हातात पहिली पडते. लिनक्सवर ती शेवटी द्यायची आणि त्याच्या हातात शेवटी पडते. नाव एकच! विंडोजवर नावही वेगळं, क्यूसॉर्ट-एस, आणि तिथे माहिती द्यायची शेवटी पण मिळते पहिली. २०२४ च्या पॉसिक्सने लिनक्सची मांडणी स्वीकारली आहे, पण जुनी यंत्रं काही रातोरात बदलत नाहीत. आम्ही क्यूसॉर्ट-आरचा नाद सोडला आणि साधी दोन तुलना-फंक्शनं लिहिली.

तिसरा अडथळा : माप वेगळं. भाचीने अर्ज आल्याची वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, 'लाँग' प्रकारच्या खणात ठेवली. आजच्या ६४ बिटांच्या लिनक्सवर आणि मॅकवर लाँग आठ बाइटांचा असतो. ६४ बिटांच्याच विंडोजवर मात्र तो चार बाइटांचा. चार बाइटांत हे सेकंद भारतीय वेळेप्रमाणे १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांपर्यंतच मावतात. त्यानंतरचा अर्ज एकदम १९०१ सालात जाऊन पडेल आणि सगळ्यांच्या आधी आलेला ठरेल! १९९९ च्या सी प्रमाणापासून माप ठरलेले पूर्णांक मिळतात. त्यातला ६४ बिटांचा घेतला की प्रश्न मिटतो.

जाता जाता, तुमच्यापैकी जे मोडी शिकताहेत त्यांच्यासाठी एक. सीमध्ये 'रुंद अक्षर' नावाचा प्रकार आहे. लिनक्स आणि मॅकवर तो चार बाइटांचा, विंडोजवर दोन. देवनागरीचे नेहमीचे संकेत दोन बाइटांच्या खणात मावतात, त्यामुळे नेहमीच्या देवनागरीवर चाचणी केली तर सगळीकडे सारखं उत्तर येतं. पण मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली, सातव्या आवृत्तीत, जी जागा मिळाली ती त्या मर्यादेच्या पलीकडची. म्हणून मोडीचं एकच अक्षर मोजलं तर लिनक्सवर लांबी १ येते आणि विंडोजवर २. होळकरकालीन कागदांची सूची करणारा प्रोग्राम कोणी लिहिणार असाल, तर हे लक्षात असू द्या.

मग करायचं काय?

आमच्या तीन दिवसांतून निघालेले पाच नियम सांगतो. आता हे दोघांच्याही टेबलासमोर चिकटवलेले आहेत.

१. जो नियम माणसांसाठी लिहिलेला आहे, तो प्रोग्राममध्येही शब्दशः लिहा. "आपोआप होतंय" असं वाटलं की तिथेच थांबा आणि विचारा, हे वचन आहे की सवय?

२. फंक्शन वापरण्याआधी त्याच्या मॅन्युअलचं पान शेवटपर्यंत वाचा. वापराची उदाहरणं सगळेच बघतात. खाली हे फंक्शन कोणत्या प्रमाणात आहे, कोणत्या आवृत्तीपासून आहे आणि दुसरीकडे कसं वागतं, हे लिहिलेलं असतं. खरा मजकूर तिथे असतो.

३. यंत्राचं नाव विचारू नका, गुण विचारा. "लिनक्स असेल तर असं, मॅक असेल तर तसं" असं लिहिलंत की आमच्या स्ट्र-एल-कॉपीसारखी फसगत होते, कारण नव्या लिनक्सवर ते आहे आणि जुन्यावर नाही. "हे फंक्शन इथे आहे का?" हे कम्पाइल करण्याआधी तपासावं. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी सुरू केलेलं ऑटोकॉन्फ हेच काम करतं. नसेल तर आपलं छोटं पर्यायी फंक्शन जोडायचं.

४. असे सगळे फरक एका फाइलमध्ये कोंडून ठेवा. बाकीच्या प्रोग्रामला त्यांचा वाराही लागू देऊ नका. देवघरातलं सोवळं देवघरातच!

५. निदान दोन वेगळ्या घराण्यांच्या लायब्रऱ्यांवर चालवून बघा. त्यासाठी नवं यंत्र विकत घ्यायला नको. अल्पाइन लिनक्स फुकट आहे आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं. कम्पायलरचे सगळे इशारे चालू ठेवा, आणि चाचणीच्या फाइलमध्ये सारख्या टक्क्यांची मुलं मुद्दाम भरपूर घाला. मी सहा वर्षांत एकदाही घातली नव्हती.

जुन्या सहा याद्याही आम्ही पुन्हा तपासल्या. दोन वर्षी नेमक्या बाराव्या जागेवर सारखे गुण होते. दोन्ही वेळा निवड नियमाप्रमाणेच झालेली निघाली. ते बघून हायसं वाटलं, पण अभिमान वाटावा असं त्यात काही नव्हतं.

शहाण्णव क्रमांकाच्या घरी

आता उरलेली गोष्ट. नियमाप्रमाणे शिष्यवृत्ती अर्ज क्रमांक १७ च्या मुलीची होती. तिला ती मिळाली. पण ९६ क्रमांकाच्या मुलाला अभिनंदनाचा फोन जाऊन दहा दिवस झाले होते. तेरावी शिष्यवृत्ती द्यायला निधीकडे पैसे नव्हते. काका म्हणाले, "फोनवर सांगायची ही गोष्ट नाही." आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो.

त्याच्या आईने पाणी आणलं. मी सगळं सांगितलं, जितकं सोपं करता येईल तितकं. यंत्रावर काही ढकललं नाही. मुलगा ऐकत होता. त्याने एकच प्रश्न विचारला.

"काका, तिघांचे टक्के सारखेच होते ना? मग मी नेमका मागे पडलो कशात?"

"तुझा अर्ज नऊ दिवस उशिरा आला."

"अर्ज लवकर आला तर आधी धरतात, हे कुठे लिहिलं होतं?"

मी काकांकडे बघितलं. "नियमावलीत होतं," मी म्हटलं. "माझ्या प्रोग्राममध्ये नव्हतं."

"आणि फॉर्मवर?"

फॉर्मवरही नव्हतं. त्याच्या लेखी मुदत महिनाअखेरीपर्यंत होती आणि तो मुदतीत होता. प्रोग्रामवर मी जसा विसंबलो, तसाच आमचा निधी इतकी वर्षं मुलांवर विसंबून होता, की त्यांना हे आपोआप माहीत असणार!

काकांनी त्याला दुसऱ्या दोन ठिकाणच्या अर्जांची माहिती दिली आणि शिफारसपत्रं तिथेच बसून लिहिली. आम्ही उठलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "येऊन सांगितलंत, बरं केलंत." तो काही बोलला नाही. त्याने बोलायला हवं होतं असं मला वाटलंही नाही.

पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर ते कलम आता पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत छापलं जाणार आहे. तुलना-फंक्शनमध्येही ते आलं आहे, आणि त्याच्या वर भाचीने मराठीत एक ओळ टाकली आहे : "गुण सारखे असल्यास अर्ज क्रमांक बघावा, हे काम क्यूसॉर्टवर सोडू नये." नवा प्रोग्राम मॅकवर, माझ्या लिनक्सवर आणि अल्पाइनवर, तिन्हीकडे एकच यादी देतो.

मित्रांनो, या सुट्टीत तुमचा एखादा जुना, "चालतोय" असा प्रोग्राम काढा आणि भावाच्या, मैत्रिणीच्या, कोणाच्या तरी वेगळ्या यंत्रावर चालवून बघा. उत्तर वेगळं आलं तर यंत्राला दोष देण्याआधी एकदा तपासा, की पत्रिकेत तारीख घातली होती ना?

पुढच्या अंकात भेटूच.